चौथा फास

पट्ट्यावर छापलं होतं : एकशे वीस किलोपर्यंत.
मी बावन्न.
बक्कल शेवटपर्यंत ओढलं तरी
कमरेत माझ्यासोबत अजून एक बाई मावली असती.
हितेंद्र म्हणाला, बेन, जरा जाड व्हा ने.

मग खोगीरभरती. खरीखुरी.
जुन्या रजईच्या पट्ट्या, वर मांजरपाटाचं अस्तर,
पण कंपनीच्या शिवणीला सुई लावली नाही,
भोक पाडलं नाही कुठे.
माझं जे काही, ते वरून बांधलेलं
आणि सुटणारं.

दोर घरचे.
पहिला करवतीसाठी. सुती, तीन पेडांचा.
अकराव्या वर्षी ज्याच्यावर
अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात पकड धरायला शिकले
त्याच मल्लखांबाच्या दोराचा तुकडा;
व्यायामशाळेत नवा आला तेव्हा जुना मागून आणलेला.
आंबेगावकर सर ओरडायचे,
दोराला लोंबकळू नकोस, दोरावर बस!
मांड्यांवर त्याचे वळ उठायचे, झोपताना मोजायचे मी.

दुसरा पाण्याच्या बाटलीचा. परकराची नाडी आहे, हसा.
तिसऱ्याला हातहातभर अंतरावर गाठी,
बुंध्याचा घेर मोजायला.

चौथा का केला ठाऊक नाही.
दीड हात दोर उरला होता,
आई फोनवर मावशीशी बोलत होती, संपवत नव्हती.
पीळ उकलला, पेड परत पेडांत खुपसले,
फास झाला, डाव्या कुशीवर अडकवला.
आ शेना माटे? हितेंद्र.
असू दे. मी.

नव्या पोरांना एवढंच सांगते :
यांच्यावर जीव टांगायचा नाही.
जीव त्या दोरावर, ज्याला कागद आहे, तारीख आहे.
घरच्या दोरावर फक्त सामान.

सोळा जानेवारी.
उत्तरायण संपलं होतं आणि बडोद्याची सगळी झाडं
दाढी न केलेल्या माणसांसारखी, मांजाच मांजा.
कमाटीबागेच्या मागे विश्वामित्रीवर वाकलेला अर्जुनसादडा.
फांदीच्या टोकाला काळा शराटी, उलटा,
एक पंख आभाळाकडे ओढलेला.
खाली चिखलात मगर, उन्हाला पडलेली,
जबडा उघडा, कसली घाई नाही.
पुलावर माणसं थांबली.
एकाने सेव-उसळची प्लेट तिथेच मागवली.

सरकत गेले.
फांदी बारीक होत गेली, पुलावरचे आवाजही.
बसले मी दोरावर. लोंबकळले नाही, सर.
कात्रीने मांजा तोडला,
शराटीने मनगटावर चोच हाणली, त्याचं बरोबरच होतं,
उशीच्या अभ्र्यात घातला त्याला,
आणि हात संपले.
एक फांदीवर, एकात अभ्रा,
कात्री दातांत.
अशी किती वेळ राहिले कोण जाणे.
मग कुशीला काहीतरी टोचलं.

अभ्र्याचं तोंड चौथ्या फासातून ओवलं, सुरगाठ मारली
आणि नारळाएवढं धडधडणारं ऊन ओझं
बरगडीला लावून
खाली आले.

घरी येऊन पाहिलं तर फासाचे दोन पेड तुटलेले.
मांजा अभ्र्यासोबत आला असणार, चिकटून.
सगळा उतार तिसऱ्याने धरला होता.
आईला सांगितलं नाही.

शराटीचं काय झालं, लोक विचारतात.
पंख शिवला. वहीत एकशे सेहेचाळीस नंबर.
पुढचं त्यांनी कळवलं नाही, मीही विचारलं नाही.
नाही, विचारलं होतं एकदा. फोन लागला नाही.

आज करवतीच्या दोरातून दीड हात कापून घेतला.
करवत आता थोडी वर लटकेल, कोपराला लागेल.
हितेंद्र पेड धरून बसला होता समोर,
जिभेचं टोक दातांत.
या वेळी कशासाठी ते विचारलं नाही त्याने.
म्हणाला, बेन, पाचवा पण करी नाखो.
आ शेना माटे? मी विचारलं.
त्याला सांगता आलं नाही.